टर्बो गाडीचे टायर बदलताना: साइज, तारीख आणि दुकानातली तपासणी

इथले आकडे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हियाच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल गाडीसाठी आहेत. १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, सगळी ताकद पुढच्या चाकांवर आणि कंपनीची साइज २०५/५५ आर१६. ह्युंदाई आय२० एन लाइनला १९५/५५ आर१६ लागतो. आकडे बदलले तरी पद्धत हीच राहते.

कधी बदलायचे

कायद्याने कारच्या टायरवर किमान १.६ मिमी नक्षी हवी. खाचांमधल्या बारीक उंचवट्यांपर्यंत टायर झिजला की ती मर्यादा आली. पण पावसाळ्यात बोरघाट किंवा कशेडी उतरणाऱ्या गाडीला हा आकडा पुरत नाही. नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की टायरखालचे पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्याने घटते आणि ब्रेकचे अंतर वाढते. गोटा होईपर्यंत थांबू नका. खरेदी मे महिन्यातच उरका.

साइज: इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात

टायरवाल्याकडे पाऊल टाकले की पहिला सल्ला मिळतो, "साहेब, सतरा इंची टाकून घ्या, गाडी चिकटून चालेल." हा सल्ला स्वीकारण्याआधी गणित स्वतः करा. २०५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ५५ म्हणजे रुंदीच्या ५५ टक्के साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. साइडवॉल येते ११२.७५ मिमी. ती दुप्पट करून त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिमी मिळवले की पूर्ण व्यास ६३१.९ मिमी. नवा व्यास याच्या दोन टक्के वर किंवा खाली, एवढ्यातच बसला पाहिजे. स्पीडोमीटर, एबीएस आणि गिअरबॉक्सचे हिशेब याच व्यासावर बेतलेले असतात.

आता पर्याय बघू. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४.३ मिमी, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा बसतो. २१५/५० आर१७ चा व्यास ६४६.८ मिमी, फरक २.४ टक्के. दुकानदार "चालतंय की" म्हणेल, तुम्ही नको म्हणा. टायर पूर्ण वळवल्यावर आतल्या लायनरला घासू शकतो आणि पिकअपही सुस्तावतो. २२५/४० आर१८ व्यासात बसतो (६३७.२ मिमी), पण साइडवॉल उरते फक्त ९० मिमी. मूळ टायरपेक्षा ही जवळजवळ २३ मिमी कमी. खड्ड्याच्या कडेवर ऐंशीच्या वेगाने आपटल्यावर रिमला वाचवणारे रबर हेच असते. ते गेले की साइडवॉलवर फुगा येतो किंवा रिम वाकते. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. खड्ड्याच्या मारामुळे झालेले नुकसान टायर कंपनीच्या वॉरंटीत सहसा बसतही नाही. आपल्या रस्त्यांवर या गाड्यांना अठरा इंची चाके लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सतरा इंची घ्यायचीच असतील तर रिमची रुंदी तपासा. २२५/४५ आर१७ ला ७ ते ८.५ इंच रुंद रिम लागते. साडेसहा इंची रिमवर तो चढतो, हवाही धरतो. पण खांदे (नक्षीच्या दोन्ही कडा) आत ओढले जातात, टायर मधोमध फुगतो आणि वळणावर साइडवॉल लोळते. ज्या पकडीसाठी खर्च केला तीच हातची जाते. बोल्टचे वर्तुळ ५ गुणिले १०० आणि मधले भोक ५७.१ मिमी आहे का ते बघा. भोक मोठे असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घालून घ्या, नाहीतर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी थांबत नाही. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप, मूळ रिमच्या जवळपास ठेवा. बाहेर आलेले चाक दिसायला दांडगे वाटते, पण बेअरिंगवर ताण टाकते.

आणि स्टेपनी? ती जुन्याच साइजची राहते. पुढच्या धुऱ्यावर दोन वेगळ्या व्यासांची चाके फिरली तर डिफरन्शिअलला (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) सतत काम पडते. म्हणून पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चांगले चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा.

माझा सल्ला विचाराल तर सोळा इंचीच ठेवा. अलॉयवर जाणारा पैसा वरच्या दर्जाच्या टायरवर घाला. सतरा इंची रिमवर बसवलेल्या साध्या टायरपेक्षा मूळ रिमवरचा उत्तम टायर ओल्या रस्त्यावर आधी थांबतो.

भार आणि वेगाचे अक्षर

साइजपुढे ९१व्ही लिहिलेले असते. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची क्षमता. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. "इतक्या वेगात कोण चालवतं?" म्हणून टी टायर गळ्यात मारले जातात. घेऊ नका. हे अक्षर उष्णता सोसण्याचेही माप आहे. समृद्धी महामार्गावर ऐन मे महिन्यात तास-दोन तास १२०ने धावताना टायर याच उष्णतेशी झुंजत असतो. गाडी व्हीवर आली असेल तर व्ही किंवा त्याच्या वरचाच घ्या.

टायरवर एक्सएल (जास्त भार पेलणारा) असेल तर हवेकडे लक्ष द्या. ९४ एक्सएलची पूर्ण क्षमता ६७० किलो आहे, पण ती मिळते ४२ पीएसआयला. ३६ पीएसआयला तो साध्या ९१ पेक्षा किंचित कमीच भार पेलतो. म्हणून दरवाज्याच्या खांबावरच्या आकड्यापेक्षा सुमारे २ पीएसआय जास्त ठेवा.

कोणता टायर

आधी काय हवे ते ठरवा. शांत, लांब चालणारा आणि ओल्यातही भरवशाचा टायर हवा असेल तर मिशेलिन प्रायमसी किंवा ब्रिजस्टोन टुरान्झासारखी टूरिंग जात बघा. वळणावर नेमकेपणा हवा असेल तर काँटिनेंटल मॅक्सकाँटॅक्ट एमसी६ किंवा मिशेलिन पायलट स्पोर्ट ४. यात आवाज थोडा वाढतो, आयुष्य घटते. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याच्या बंधनात आहे, त्यामुळे हवे ते मॉडेल हव्या त्या साइजमध्ये मिळेलच असे नाही. मन बनवण्याआधी साठा विचारा.

ट्रेडवेअर, म्हणजे नक्षी किती टिकेल त्याच्या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून ठरवते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो उपयोगी पडतो.

दुकानात

साइडवॉलवर डीओटीपासून सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. चार आकडे बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर टायर उलटून बघा. ते एकाच बाजूला असू शकतात. देशात बनलेला टायर सहा महिन्यांच्या आतला घ्या, आयात केलेला वर्षाच्या आतला. त्याहून जुन्यावर दुकानदार घसघशीत सूट देतो आणि टायर दिसतोही नवा, पण दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या रबराचे वय आधीच सुरू झालेले असते. चारही टायरांवरच्या तारखा बघा, एका टायरवरून बाकीचे गृहीत धरू नका. आयएसआय चिन्ह बघा. बिलावर मॉडेल, साइज आणि टायरचे क्रमांक लिहून घ्या. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कुणी जुन्याच कराने भाव सांगत असेल तर तिथेच थांबवा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवा. "ताकद पुढे आहे, नवे पुढेच" हे तुम्हाला जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येईल आणि ते चूक आहे. पुढची चाके पाण्यावर घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, स्टिअरिंग हलके होते आणि पाय उचलला की ती पुन्हा हातात येते. मागची घसरली तर घाटातल्या वळणावर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. या एका मुद्द्यावर दुकानदाराचे ऐकू नका. बीएमडब्ल्यू एक्सड्राइव्ह किंवा ऑडी क्वात्रोसारखी चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर चारही एकदम बदला.

बसवताना

असममित (आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळ्या) नक्षीच्या टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे, बाण असलेल्यावर बाण पुढे फिरण्याच्या दिशेने. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ. रबरी व्हॉल्व्ह नवे घाला. जुनी रिम मशीनवर फिरताना डोळ्यांनी बघा, लचकत असेल तर आधी ती सरळ करून घ्या.

बोल्ट एअर गनने करकचून आवळू देऊ नका. टॉर्क पाना मागा, १२० न्यूटन-मीटर. पन्नास-एक किमी चालल्यावर पुन्हा एकदा तपासा. हवा गाडी थंड असताना भरा. महामार्गावर चालून आल्यावर ती ४-५ पीएसआयने वाढलेली दिसते, ती सोडू नका. नायट्रोजनला जास्तीचे पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच.

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांची छापील प्रत घ्या. टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा या गाड्यांत चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेते, म्हणून नवे टायर बसल्यावर ती पुन्हा सेट करावी लागते.

पहिले २००-३०० किमी संथ चालवा. साच्यातून निघालेल्या टायरवर वंगणाचा पातळ थर असतो आणि पावसात तो जास्त निसरडा होतो. दर आठ-दहा हजार किमीला चाके अदलाबदल करा. पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल तर आतून मशरूम पॅच लावून घ्या. बाहेरून खुपसलेली वात फक्त घरी पोहोचण्यापुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलवर पंक्चर असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरू नका, टायर बदला.