एका हाताने नाणं बदलायचंय? आधी खरी फेक शिका

बोबो स्विच, म्हणजे दाखवलेलं नाणं दुसऱ्या हातात टाकतोय असं भासवून त्याच हातात लपवलेलं दुसरं नाणं टाकायची चाल, समजायला पाच मिनिटं लागतात. हाताला वळण यायला आठवडाभर. आणि तरीही समोर बसलेलं चौथीतलं पोरगं शांतपणे म्हणतं, "पहिलं नाणं अजून तुमच्या त्याच हातात आहे." तिथे अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. फिंगर पाम (नाणं बोटांच्या घडीत लपवणं) आणि क्लासिक पाम (ते तळहाताच्या मध्यात धरणं) तुम्हाला जमतं असं धरतो.

आधी नाण्यांचं. परदेशी व्हिडिओंत हाफ डॉलर आणि जुनी इंग्लिश पेनी वापरतात. रंग वेगळे, पण दोन्ही जेमतेम 31 मिमीची, म्हणून ती जोडी चालते. ती मागवायला पैसे घालवू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. आपल्या गल्ल्यात तशीच जोडी पडलेली असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. 2011 च्या मालिकेतलं दोन रुपयांचं स्टीलचं नाणं 25 मिमीचं आहे. 2019 च्या मालिकेतलं, धान्याची नक्षी असलेलं पाच रुपयांचं पिवळं नाणंही 25 मिमीचंच. एक पांढरं, एक पिवळं, आकार तोच. वजनात मात्र फरक आहे: दोन रुपये 4.85 ग्रॅम, पाच रुपये 6.74 ग्रॅम. हा फरक पुढे बोटांना जाणवणार आहे. पाच रुपये घेताना मालिका बघून घ्या, कारण 2011 चं पाचाचं नाणं 23 मिमीचंच आहे. त्याला जोडीदार हवा तर 2019 चं दोन रुपयांचं, तेही 23 मिमी. पण लहान नाणं बोटांच्या घडीत नीट अडकत नाही, म्हणून सुरुवात 25 च्याच जोडीने करा.

दोन बाजूंना दोन वेगळी नाणी दिसतील असं घासूनपुसून चिकटवलेलं नाणं कुणी देऊ केलं तर घेऊ नका. एक तर 2011 च्या नाणे कायद्यात नाणी मोडायला-वितळवायला मनाई आहे. दुसरं, ते नाणं प्रेक्षकाच्या हातात देता येत नाही, आणि नाण्याच्या जादूतली निम्मी गंमत "घ्या, बघा" म्हणण्यात आहे.

आता चाल. पिवळं नाणं उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, पहिल्या दोन घड्यांच्या मध्ये. बोटं किंचित वाकली की कडा घड्यांत बसतात, दाबावं लागत नाही. पांढरं नाणं त्याच हाताच्या बोटांच्या टोकांवर, अंगठा वर, तर्जनी आणि मधलं बोट खाली. हाताची पाठ प्रेक्षकांकडे. हात डावीकडे झुलतो, तळहात थोडा वर वळतो, बोटं उघडतात आणि पिवळं नाणं डाव्या हातात जाऊन पडतं. पांढरं अंगठ्याखाली दाबलेलंच राहतं. हात परत येताना अंगठा त्याला एक पेर मागे ओढतो आणि ते रिकाम्या झालेल्या घडीत जाऊन बसतं. दोन्ही हातांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर हवेत पिवळा रंग दिसतो. नाणं पडताक्षणी डावी मूठ मिटायची.

काय बिघडतं ते पटकन सांगतो. दोन्ही नाणी उडाली, तर अंगठा सैल आहे. पिवळं अडकून उशिरा सुटलं आणि जमिनीवर गेलं, तर करंगळी-अनामिका आवळलेल्या आहेत. फेकीनंतर पांढऱ्याची कड बोटांबाहेर डोकावते, तर अंगठ्याने मागे ओढायला आळस केलाय. "टिक" असा आवाज आला, तर तो बहुधा फेकताना नाही, पांढरं नाणं टेबलावरून उचलतानाच आलेला असतो. आणि डाव्या हातातली अंगठी काढून ठेवा.

हे सगळं दुरुस्त झालं तरी ते पोरगं ओळखतंच. का?

कारण तुमची खोटी फेक वाईट नाही, तुमची खरी फेक वेगळी आहे. हाच तो खड्डा, आणि यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. आपण एका हातातून दुसऱ्या हातात नाणं टाकतो तेव्हा काय करतो, ते आत्ता करून बघा. तळहात खाली, टोकांवरून नाणं सोडून दिलं, झालं. बसच्या कंडक्टरला सुटे देतो तसं. पण बोटांच्या मुळाशी असलेलं नाणं त्या पद्धतीने बाहेर पडूच शकत नाही. त्याला तळहात वर वळायला हवा, बोटं उघडायला हवीत, खालून झोका हवा. म्हणजे स्विचचा हात नेहमीच खालून झोका घेणार. मग खरी फेकही तशीच, खालून झोका घेऊनच व्हायला हवी, नेहमी, घरात चहाचे पैसे देतानासुद्धा. बनावट चाल खरीसारखी करता येत नाही. खरीच चाल बदलून बनावटीच्या जवळ आणावी लागते. उलटं करायला जाल तर महिने जातील.

आणि याच्या पोटातला दुसरा खड्डा: खरी फेक लोक रिकाम्या हाताने सरावतात. स्विचच्या वेळी मात्र बोटांत एक नाणं लपलेलं असतं, आणि तो हात मेलेल्या माशासारखा ताठ होतो. करंगळी वर उचलली जाते, अनामिका गोठते. म्हणून पहिला आठवडा स्विच करूच नका. पिवळं नाणं घडीत ठेवा आणि पांढरं खरोखर फेका. पुन्हा. पुन्हा. हात दमेपर्यंत नको, पंधरा मिनिटं पुरेत, पण पलंगावर चादर पसरून करा, नाहीतर अर्धा वेळ कपाटाखालून नाणी काढण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात दहा फेकींत नऊ खऱ्या, एक स्विच. दहाच्या दहा स्विच करणारा माणूस स्विच शिकतो, फसवायला शिकत नाही.

आरशावर विश्वास ठेवू नका. नेमक्या स्विचच्या क्षणी आपले डोळे मिटतात, आणि आपल्याला वाटतं काहीच दिसलं नाही. फोन प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दहा फेकी रेकॉर्ड करा, आवाज बंद करून बघा. स्विच कोणती ते ओळखता आलं, तर चार जागा तपासा: अंगठा दचकला का, खांदा पुढे गेला का, नजर उडालेल्या नाण्यामागे गेली की उजव्या हातावरच थबकली, आणि त्या एका फेकीचा वेग वाढला का. बहुतेक वेळा चूक नजरेची निघते. हलक्या नाण्याऐवजी जड नाणं उडतंय, म्हणून हात नकळत जोर लावतो, हेही बघा. काही दिवस जोडी उलटी करून, पिवळं दाखवून पांढरं फेकून बघितलं की फरक कळतो.

हे अवघड वाटतंय, पण घाबरू नका. बोटं जाड असोत की बारीक, 25 मिमीचं नाणं बहुतेक हातांत बसतं. ज्यांचे तळवे कोरडे आहेत त्यांनी साबणाने हात धुतल्यावर लगेच सराव करू नये, नाणं घसरतं. कोकणातल्या दमट हवेत उलट होतं, नाणं चिकटून उशिरा सुटतं. रुमाल जवळ ठेवा.

दुसऱ्या हाताशिवाय, मूठ मिटून-उघडून नाणं बदलायची चाल यानंतरच घ्या. तिथे टोकावरचं नाणं तर्जनी आणि मधल्या बोटाने वाकवून अंगठ्याच्या बेचक्यात नेऊन अडकवायचं, आणि त्याच अंगठ्याच्या टोकाने घडीतलं नाणं वर सरकवायचं. एकाच अंगठ्याला दोन कामं. बेचका जरा सैल झाला की नाणं खाली. अंगठ्याच्या बाजूने बघणाऱ्याला सगळं दिसतं, त्यामुळे प्रेक्षक समोरच हवेत. दिवसभराच्या कार्यशाळेत ही चाल वीस इतर चालींसोबत शिकवणाऱ्यांच्या फीपेक्षा शंभर रुपयांची नाणी घेऊन बसणं बरं.

आणि पहिल्यांदा लोकांसमोर दोन्ही नाणी एकदम उडाली, तर खाली वाकून धांदल करू नका. दोन्ही डाव्या तळहातावर ठेवा, "सात रुपये झाले" म्हणा, आणि तिथूनच दोन नाण्यांचा खेळ सुरू करा. आपण काय दाखवणार होतो, ते अजून कुणाला सांगितलेलंच नसतं.