अमेरिकेत एडीएचडीची गोळी मिळत नाहीये? मग आधी फोन फिरवा

ऑक्टोबर २०२२ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एडीएचडीवरच्या, म्हणजे लक्ष न लागण्याच्या विकारावरच्या, अ‍ॅडरॉलचा तुटवडा असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून इथल्या आपल्या लोकांत हा विषय निघतोच, कुणाच्या मुलाची गोळी, कुणाची स्वतःची. कधी अ‍ॅडरॉल गायब, कधी कॉन्सर्टाचं जेनेरिक, कधी व्हायवॅन्स, सगळ्या एडीएचडीच्याच गोळ्या. कंपन्या डीईएच्या (अमली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) कोट्याकडे, म्हणजे किती माल बनवायचा त्या मर्यादेकडे, बोट दाखवतात, आणि डीईए-एफडीए म्हणतात की २०२२ मध्ये कंपन्यांनी मिळालेल्या कोट्यातला साधारण ७० टक्केच माल विकला. भांडण त्यांचं, बाटली आपली रिकामी.

बहुतेकांचा घोळ क्रमात होतो. डॉक्टर नेहमीच्या फार्मसीला प्रिस्क्रिप्शन पाठवतात, दोन दिवसांनी मेसेज येतो स्टॉक नाही, मग परत डॉक्टरांच्या पोर्टलवर मेसेज, त्यांचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडचा स्टॉकही संपलेला. याच्या उलट करा. आधी गोळी कुठे आहे ते शोधा, मग तिथेच प्रिस्क्रिप्शन पाठवायला सांगा. आणि हे शेवटची गोळी उरल्यावर नाही, आठवडाभर आधी.

फोनवर नुसतं "अ‍ॅडरॉल आहे का" विचारलं तर बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत, कंट्रोल्ड, म्हणजे नशेसाठी गैरवापर होऊ शकतो म्हणून कडक नियम असलेलं, औषध आहे ना. त्याऐवजी असं विचारा: "माझं अ‍ॅडरॉल एक्सआर (दिवसभर हळूहळू सुटणारं) २० मिलिग्रॅमचं आहे, डॉक्टरांनी आज पाठवलं तर भरून मिळेल का? नसेल तर कुठली स्ट्रेंथ आहे? आणि तुमची ऑर्डर कुठल्या वारी येते?" तो वार लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात त्याच दिवशी फोन करायचा. मोठ्या चेनच्या पलीकडे गावातली छोटी स्वतंत्र फार्मसी आणि हॉस्पिटलमधली फार्मसी जरूर बघा, लोक तिकडे वळतच नाहीत.

प्रिस्क्रिप्शन आधीच गेलं असेल आणि तिथे माल नसेल तर ऑगस्ट २०२३ पासून एक सोय आहे: इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शन भरलेलं नसेल तर ते दुसऱ्या फार्मसीला एकदा ट्रान्सफर करता येतं, राज्याचा कायदा आड येत नसेल तर. काउंटरवरच्या पोराला हे माहीत नसतं, थेट फार्मासिस्टशी बोला. ३० पैकी १० गोळ्याच आहेत, घेता का, असं विचारलं तर लगेच हो म्हणू नका. त्यांच्याकडे माल कमी म्हणून अर्धवट दिलं तर उरलेल्या ७२ तासांत द्याव्या लागतात, नाहीतर त्या गेल्या आणि परत नवं प्रिस्क्रिप्शन. उरलेला माल कधी येणार ते आधी विचारा.

डॉक्टरांकडे पुढच्या अपॉइंटमेंटलाच प्लॅन बी ठरवून घ्या. २० ची नसेल तर १० च्या दोन चालतील का? एक्सआर नसेल तर दिवसातून दोनदा साधी चालेल का? व्हायवॅन्सची जेनेरिक्स २०२३ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालीत, इन्शुरन्स कुठलं देतो ते बघा, प्रायर ऑथ (इन्शुरन्सची आधी घ्यायची मंजुरी) लागलं तर त्यातच वेळ जातो. अ‍ॅम्फेटामिनवरून (अ‍ॅडरॉल, व्हायवॅन्स) मिथाइलफेनिडेटवर (कॉन्सर्टा) जायचं तर मिलिग्रॅमला मिलिग्रॅम बसत नाही, तो हिशोब घरी करायचा नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन, विलोक्साझिन, ग्वानफासिन ही वरच्यांसारखी स्टिम्युलंट (उत्तेजक) नाहीत, त्यांना रिफिल मिळतात आणि ही कटकटच नाही, पण सगळ्यांना लागू पडतात असं नाही आणि अ‍ॅटोमॉक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, म्हणजे आणीबाणीत सुरू करून उपयोग नाही.

आता आई-बाबांचा प्रश्न. "तिकडे मिळत नाही तर आम्ही पुण्याहून पाठवतो." प्रेम समजतं, पण नको म्हणा. अ‍ॅडरॉल भारतात मिळतच नाही, मिथाइलफेनिडेट मिळतं पण ते एनडीपीएस, म्हणजे भारताच्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि असं औषध पोस्टाने अमेरिकेत मागवणं हा इथे गुन्हा आहे, तेही व्हिसावर असताना! मित्राच्या बाटलीतली गोळी घेणं पण त्याच रांगेत. प्रिस्क्रिप्शनशिवाय ऑनलाइन विकणारे तर अजिबात नकोत, नकली अ‍ॅडरॉलमध्ये मेथ आणि फेंटानिल ही घातक नशेची द्रव्यं सापडलीयत.

गोळीविना दिवस काढावेच लागले तर पहिले काही दिवस झोप, थकवा, चिडचिड येऊ शकते, त्यामुळे लांबचं ड्रायव्हिंग टाळा आणि डेडलाइनचं काम मागे-पुढे करता आलं तर करा. मन फारच खचतंय असं वाटलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. कॉफीवर कॉफी ढोसून फक्त झोप जाते. उरलेल्या गोळ्या पुरवून वापरायच्या असतील तर कुठला दिवस गाळायचा ते डॉक्टरांना विचारा, आणि कॉन्सर्टासारखी गोळी तोडून किंवा कुटून घेऊ नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल. सोबत ग्वानफासिन किंवा त्याच्यासारखंच क्लोनिडिन चालू असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, बीपी एकदम वर जाऊ शकतं.