मायटोकॉन्ड्रियाच्या वाहक प्रथिनांचा वंशवृक्ष काढताय? या चुका टाळा

एडीपी/एटीपी वाहक आणि सिट्रिन ही मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून रेणूंची ने-आण करणारी दोन प्रथिनं. त्यांचे अमिनो आम्लांचे क्रम शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सुमारे ३०० अमिनो आम्लं, दुसऱ्यात ६७५. तरी दोन्ही एकाच घराण्यातली, एसएलसी२५ मधली. माणसात या घराण्याचे ५३ सदस्य आहेत. बरेच जण हे क्रम जसेच्या तसे अलाइनमेंटला (जुळणाऱ्या जागा एकाखाली एक मांडायला) लावतात आणि बूटस्ट्रॅपचे, म्हणजे वृक्षाची फांदी किती भरवशाची ते सांगणारे, आकडे कमी आले की सॉफ्टवेअर बदलत बसतात. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. सिट्रिनचा पुढचा जवळजवळ अर्धा भाग कॅल्शियम ओळखण्यासाठी आहे. वाहतूक करणारा तुकडा त्यानंतर येतो. वृक्षासाठी तेवढाच घ्या, शेवटची जादा शेपटीही काढा.

तो तुकडा ओळखायचा कसा? १९८२ मध्येच लक्षात आलं होतं की हे प्रथिन म्हणजे सुमारे १०० अमिनो आम्लांचा एक साचा तीनदा जोडलेला आहे. प्रत्येक आवर्तनात पटल ओलांडणारे दोन हेलिक्स (सर्पिल तुकडे) असतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या हेलिक्सच्या शेवटाकडे अमिनो आम्लांची ठरलेली खूण असते: प्रोलिन, मग कोणतंही एक, मग अ‍ॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेट, मग कोणतीही दोन, शेवटी लायसिन किंवा आर्जिनिन. या तिन्ही खुणा आधी हाताने शोधा. काही सदस्यांत एखादी खूण बिघडलेली असते, म्हणून लगेच त्याला घराण्याबाहेर काढू नका.

यातूनच सगळ्यात फसवी चूक होते. तिन्ही आवर्तनं एकमेकांसारखी असल्याने, क्रम अपुरा असेल तर प्रोग्रॅम एका प्रथिनाचं दुसरं आवर्तन दुसऱ्या प्रथिनाच्या पहिल्या आवर्तनावर बसवतो. खुणा जुळलेल्या दिसतात, त्यामुळे संशयही येत नाही. अलाइनमेंटमध्ये साधारण १०० जागांची सलग रिकामी पट्टी दिसली की थांबा आणि कोणतं आवर्तन कशावर बसलंय ते तपासा.

आता नात्याचा प्रश्न. मायटोकॉन्ड्रिया जिवाणूपासून आला, म्हणून त्याचे वाहकही तिथूनच आले असणार, असं गृहीत धरून वृक्षाचं मूळ म्हणून जिवाणूचं प्रथिन लावलं जातं. रिकेट्सिया या जिवाणूचं एटीपी/एडीपी वाहक हा त्यासाठी हमखास निवडला जाणारा उमेदवार. काम तेच, पण त्यात १२ हेलिक्स आहेत आणि एसएलसी२५ शी त्याचं नातं नाही. हे घराणं दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या) पेशींतच घडलं. लेजिओनेला या जिवाणूत एक सदस्य सापडतो, पण तो दृश्यकेंद्रकी पेशींकडून उचललेला मानला जातो. त्यामुळे बाहेरचं मूळ लावण्यापेक्षा वृक्ष मूळाविना ठेवलेला बरा.

आतल्या पटलातला प्रत्येक वाहक एसएलसी२५ चाच, हेही धरून चालू नका. पायरुव्हेट वाहकाची जनुकं २०१२ मध्ये ओळखली गेली. ती दोन छोटी प्रथिनं जोडीने काम करतात आणि त्यांचं घराणं वेगळं आहे. बाहेरच्या पटलातलं व्हीडॅक हे छिद्र-प्रथिन तर १९ बीटा पट्ट्यांचं पिंप आहे. त्याची तुलना करायची तर त्याच पटलातल्या टॉम४० या प्रथिनाशी करा.

रचनेकडे पाहतानाही घाई नडते. एडीपी/एटीपी वाहकाची २००३ ची रचना प्रथिन पेशीद्रवाच्या बाजूला उघडं असताना अडकवलेली आहे. मॅट्रिक्सकडे (मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पोकळीकडे) उघडलेली रचना २०१९ मध्ये आली. प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणारा अल्फाफोल्ड प्रोग्रॅमही बहुधा एकच अवस्था दाखवतो. एकाच चित्रावरून रेणू आत कसा जातो हे ठरवलं, तर अर्धी हालचाल हातातून निसटते. जुन्या लेखांत एडीपी/एटीपी वाहक जोडीने काम करतं असं वाचाल, पण आजचा पुरावा एकट्याने काम करण्याच्या बाजूचा आहे.

आणि नावावर जाऊ नका. याच घराण्यातलं यूसीपी१ (अनकपलिंग प्रोटीन) तपकिरी चरबीत खरोखर प्रोटॉन गळू देऊन उष्णता तयार करतं. यूसीपी२ ला तेच नाव मिळालं ते क्रमातल्या साम्यामुळे. २०१४ मध्ये त्यातून मॅलेट आणि अ‍ॅस्पार्टेट यांसारखे चार कार्बनचे रेणू जाताना दिसले. वृक्षातही यूसीपी डायकार्बोक्सिलेट आणि ऑक्सोग्लुटारेट वाहकांजवळ बसतात.