व्होल्टेज कोसळल्यावर पवनचक्की ग्रिडवर कशी टिकवायची

साताऱ्याकडच्या पठारांवरच्या चक्क्यांवर मुंबईत बसून नजर ठेवणाऱ्याला पडद्यावर एवढंच दिसतं: 'लो व्होल्टेज, ट्रिप', म्हणजे व्होल्टेज पडलं आणि चक्की ग्रिडवरून सुटली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे मात्र जोडणीच्या ठिकाणी व्होल्टेज नेहमीच्या 15 टक्क्यांवर आलं तरी 0.3 सेकंद, आणि पुढे 3 सेकंदांत 85 टक्क्यांपर्यंत सावरत असेल तर तोवर, चक्की ग्रिडवर राहिली पाहिजे.

डीएफआयजी मशीनमध्ये (स्थिर स्टेटर थेट ग्रिडला आणि फिरता रोटर कन्व्हर्टरमधून जोडलेला जनरेटर) सगळ्यात नाजूक रोटरकडचा कन्व्हर्टर, म्हणजे वीज हवी तशी घडवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, कारण तो मशीनच्या साधारण 30 टक्के क्षमतेचाच असतो. स्टेटरचं व्होल्टेज पडतं, पण त्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) लगेच विरत नाही, जागच्या जागी अडकून राहतो. रोटर मात्र पूर्ण वेगात फिरत असतो, त्यामुळे त्यात नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टेज तयार होतं. म्हणून रोटरचा करंट मर्यादेबाहेर गेला की आयजीबीटीचे (कन्व्हर्टरमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे) पल्स थांबवा आणि क्रोबार, म्हणजे रोटरचा करंट रेझिस्टरमधून वळवणारी पळवाट, लावा. क्रोबारचा रेझिस्टर फार लहान घेतला तर करंट लवकर ओसरत नाही. फार मोठा घेतला तर त्यावरचं व्होल्टेज डीसी लिंकच्या (कन्व्हर्टरच्या दोन भागांमधल्या डीसी दुव्याच्या) वर जातं आणि करंट डायोडमधून कन्व्हर्टरच्या आत शिरतो. शिवाय क्रोबार लागलेला असताना मशीन ग्रिडमधूनच रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज टिकवायला लागणारी) ओढतं, म्हणजे पडलेलं व्होल्टेज आणखी पाडतं. करंट ओसरताच, काही दशक मिलिसेकंदांतच, तो काढा. डीसी लिंकचा चॉपर (जादा ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळणारं सर्किट) पुरेसा असेल तर क्रोबारची वेळच कमी येते, आणि आम्हाला तीच रचना पटते.

कन्व्हर्टर पुन्हा चालू झाला की आधी रिअ‍ॅक्टिव्ह करंट द्या, अ‍ॅक्टिव्ह (प्रत्यक्ष वीज देणारा) नंतर. पॉवर लूपचे (पॉवर नियंत्रित करणाऱ्या साखळीचे) इंटिग्रेटर, म्हणजे चूक साठवत जाणारे भाग, डिपच्या (व्होल्टेज पडलेल्या) काळात गोठवून ठेवा. ते साठत राहिले तर व्होल्टेज परतताना करंट उसळतो आणि क्रोबार पुन्हा लागतो. इकडे वीज बाहेर जात नसल्याने रोटर वेग घेतो, त्यामुळे पिचची (पात्यांचा कोन बदलण्याची) हालचाल लगेच सुरू व्हायला हवी. व्होल्टेज सावरल्यावर 1 सेकंदात आधीच्या किमान 90 टक्के अ‍ॅक्टिव्ह पॉवर परत यावी लागते. तेव्हा पाती गरजेपेक्षा जास्त वळवू नका.

डिप ओळखताना तिन्ही फेजची सरासरी घेऊ नका. एका फेजचा फॉल्ट सरासरीत लपतो, आणि डीसी लिंकवर मात्र 100 हर्ट्झचा रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) उठतो.

इतकं जमवूनही चक्की सुटली तर कंट्रोल सप्लाय तपासा. कूलिंग पंपाच्या कॉन्टॅक्टरची (पंप चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल यूपीएसवर नसेल तर ती डिपमध्ये सुटते, आणि चक्की त्या कूलिंगच्या फॉल्टवर बंद पडते. 33 केव्ही फीडरच्या अंडरव्होल्टेज रिलेची वेळही 0.3 सेकंदांहून कमी ठेवलेली सापडते. रिले आधी सुटला तर कन्व्हर्टरला काही करायला वावच उरत नाही.

तपासणीला स्काडाचा (चक्क्यांवर दुरून नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा) 10 मिनिटांचा डेटा निरुपयोगी आहे. सबस्टेशनच्या डिस्टर्बन्स रेकॉर्डरची (बिघाडाच्या क्षणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची) वेव्हफॉर्म घ्या, घड्याळ जीपीएसशी जुळवा आणि क्रोबार कधी लागला, कधी निघाला ते कन्व्हर्टरच्या लॉगमध्ये त्याच वेळेशी ताडून पाहा.