जुना कम्प्युटर घरी आणलात? आधी बटणापासून हात लांब ठेवा

कबाडीकडून ४८६ (नव्वदच्या दशकातला पीसी) उचलायचा, ऑटोत टाकून घरी आणायचा, धूळ न पुसताच प्लग लावायचा आणि मग "चालत होता हो, अचानक धूर निघाला" असं सगळ्यांना सांगत फिरायचं. नव्या हौशी लोकांचा हा क्रम काही चुकत नाही. "चालू आहे भाऊ" असं कबाडी म्हणतो तेव्हा त्याच्या लेखी पंखा फिरला की मशीन चालू. पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडून आत डोकवा. सोन्यासाठी जुने प्रोसेसर आणि रॅम वेगळे विकले जातात, त्यामुळे बऱ्याच बोर्डांवर नुसती रिकामी सॉकेटं उरलेली असतात.

पहिल्याच दिवशी वीज देणं

माळ्यावर टिनाखाली वीस-तीस वर्षं पडलेल्या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्स फिल्टरचे, म्हणजे घरच्या विजेतला गोंगाट गाळणारे, रिफा कंपनीचे कपॅसिटर असू शकतात. पिवळसर, अर्धपारदर्शक, चिमुकल्या विटेसारखे. आत कागद असतो, वरच्या आवरणाला केसासारख्या भेगा पडतात आणि प्रत्येक पावसाळ्यात त्यातून दमट हवा आत जाते. २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांतही तो फुटू शकतो आणि घरभर उग्र वासाचा धूर होतो. १९८४-८५ च्या 'क्लास' या सरकारी शालेय संगणक-शिक्षण प्रकल्पात शाळांना जे बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कम्प्युटर मिळाले, त्यांच्या सप्लायमध्ये हे ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे असतात. चांगले दिसले तरी बदलाच. नवा कपॅसिटर त्याच मूल्याचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-टू वर्गाचा हवा. ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर "तिथं बसतो" म्हणून लावू नका. एक्स-टू खराब झाला तरी आग लागू नये, अशाच बेताने बनवलेला असतो.

सप्लाय मशीनबाहेर काढूनच तपासा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर ताण साठतो, म्हणून प्लग काढल्यावरही मल्टीमीटर लावून खात्री करा. मग १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडा. इलेक्ट्रिशियन वापरतात तोच सिरीज बोर्ड. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बरेच जुने सप्लाय लोडशिवाय, म्हणजे वीज खाणारं काही जोडल्याशिवाय, सुरूच होत नाहीत आणि लोक त्यांना मेलेले समजून फेकतात. म्हणून लाल आणि काळ्या वायरीत ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. तो चांगलाच तापतो, टेबलक्लॉथवर ठेवू नका. पाच व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ आणि बारा व्होल्टची ११.४ ते १२.६ मध्ये आली, की मगच बोर्डाला जोडा. एटी (जुन्या पीसीतल्या) सप्लायचे बोर्डाला जाणारे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून. उलटे लावले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

बॅटरी कापली म्हणजे काम झालं, असं मानणं

२८६ ते ४८६ पर्यंतच्या बोर्डांवर निळी किंवा हिरवी, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि आतला क्षार तांब्याच्या रेघा खात जातो. नागपूरच्या बर्डीतल्या एका बंद झालेल्या टायपिंग क्लासमधून निघालेल्या ३८६ ची गोष्ट बघा. मशीन सुरू व्हायचं, पण कीबोर्ड मेलेला. मालकाने तीन कीबोर्ड बदलले, मग कंट्रोलर चिप बदलली, शेवटी बोर्ड भंगारात काढला. बॅटरी तर कधीच कापलेली होती. पण कापणाऱ्याने वरवर स्पिरिट फिरवलं होतं, आणि स्पिरिटने क्षार मरत नाही. कीबोर्डच्या सॉकेटखाली हिरवी भुकटी साचली होती आणि त्याखालची एक रेघ काळी पडून तुटली होती. भंगारात काढलेल्या त्याच बोर्डावर दोन इंच ३० गेजची बारीक वायर टाकली आणि कीबोर्ड बोलू लागला. तीन कीबोर्ड आणि एक चिप, सगळा खर्च पाण्यात.

इथे दुसरी चूक खाण्याच्या सोड्याची. गाडीच्या बॅटरीत आम्ल असतं, तिथे सोडा चालतो. इथे क्षार आहे, म्हणून किराण्यातलं पांढरं व्हिनेगर. कानकाडीने लावा, फेस येऊ द्या, दहा मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरने नीट धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मे महिन्यात सावलीत एक दिवस पुरतो, ऑगस्टमध्ये तीन दिवस धीर धरा. सॉकेटखाली गळती शिरली असेल तर सॉकेट काढावंच लागतं, वरून धुऊन भागत नाही. मग मीटरच्या बीपवर एकेक रेघ तपासा. कंटाळवाणं काम आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पोस्टाची तिकिटं जमवावीत.

नवी बॅटरी बोर्डावर सोल्डर करू नका. सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल लावायचा तर मध्ये डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, कारण बोर्ड बॅटरी चार्ज करायला बघतो आणि लिथियमचा हा सेल चार्ज करायचा नसतो. त्यापेक्षा होल्डरमधले तीन पेन्सिल सेल, डायोडसह, वायरीने बोर्डापासून लांब चिकटवा. गळले तरी कॅबिनेटचा पत्राच खराब होईल.

बाकीच्या चुका

टँटलम कपॅसिटरवरची पट्टी प्लसची, गोल डब्यासारख्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवरची मायनसची. गल्लत केली तर फटाका.

जुना सीआरटी (काचेच्या ट्यूबचा) मॉनिटर उघडू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्ट असतात.

पांढरी बुरशी लागलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड खराब, आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडवर घासली जाते.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायला लोक हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम फासून एप्रिल-मेच्या उन्हात ठेवतात. ४५ अंशांत क्रीम वाळून डाग पडतात, पातळ झाकणं वाकतात. करायचंच असेल तर डिसेंबरात, वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून, दर अर्ध्या तासाने फिरवत. खरं तर पिवळं राहू दिलं तरी काही बिघडत नाही.

आणि तयार झालेलं मशीन कूलरच्या खोलीत मांडू नका. खसच्या ताट्यांतून येणारी ओली हवा उन्हाळाभर कार्डांच्या सोनेरी कडांवर बसते आणि जूनमध्ये मशीन नुसतं बीप करत राहतं. कार्ड काढून कडा अल्कोहोलने पुसल्या की बहुतेक वेळा ते ताळ्यावर येतं.