तैवानच्या काओशुंगमध्ये एक दिवस? या चुका टाळा

हायस्पीड रेल्वेने येणाऱ्यांचा घोळ गाडीतून उतरल्या उतरल्याच सुरू होतो. ही गाडी काओशुंगच्या मुख्य स्टेशनात जातच नाही, शहराच्या उत्तरेला झुओयिंगला संपते. तिथून मंडळी बॅगा ओढत मेट्रोने थेट हॉटेल गाठतात. खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नाही हे काउंटरवर कळतं. मग बॅगा तिथेच टाकून लोटस पाँड बघायला निघायचं, आणि ते तळं कुठे, तर झुओयिंगलाच! सकाळ गेली, ऊन चढलं. ड्रॅगन-वाघाच्या जोडमनोऱ्यांपुढे एक सेल्फी, की पळा.

बॅगा झुओयिंगच्याच लॉकरमध्ये ठेवा आणि तळं सकाळीच उरका. मनोऱ्यांत ड्रॅगनच्या तोंडातून शिरून वाघाच्या तोंडातून बाहेर पडायचं, उलट नाही. मग लाल मेट्रोने आर१६ (झुओयिंग) वरून सहावं स्टेशन, आर१० फॉर्मोसा बुलेवार्ड. इथला ३० मीटर व्यासाचा काचेचा घुमट बघण्यासाठी वेगळी फेरी मारणारे आहेत. नारिंगी लाइन इथेच बदलायची असते, तेव्हाच मान वर करा. पुढे तीन स्टेशनांवर शेवटचं ओ१, हामासेन. जुन्या नकाशांत ते सिझिवान नावाने आहे.

दुसरी आवडती चूक म्हणजे चिजिन बेट संध्याकाळसाठी राखून ठेवणं. हामासेनजवळच्या गुशान धक्क्यावरून फेरीबोट काही मिनिटांत पोचते, म्हणून लोकांना वाटतं तासाभरात होईल. होत नाही. किल्ला आणि दीपगृह टेकडीवर आहेत, समुद्रकिनारा बेटाच्या दुसऱ्या अंगाला, आणि रविवारी संध्याकाळी परतीची रांग धक्क्याबाहेर येते. त्यात स्कूटरवाल्यांच्या रांगेत उभे राहणारे हमखास भेटतात; पायी जाणाऱ्यांची वाट वेगळी असते. बाराच्या आत बेटावर पोचा, आलं-सोया सॉससोबतचे टोमॅटो खा, अडीचला परत फिरा. तीनला पिअर-२ या जुन्या गोदामांतल्या कलापरिसराजवळचा ग्रेट हार्बर पूल फिरतो, तो बघा. सूर्यास्त सिझिवानच्या खाडीवर: डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या सुमारास, जूनमध्ये पावणेसातला.

सोमवारी येऊ नका. दीपगृह बंद, रुइफेंग रात्रबाजारही बंद. बाजार बुधवारीही बंद असतो. अशा दिवशी लिउहे रात्रबाजार गाठा.

फोगुआंगशानचं बुद्ध संग्रहालय याच दिवसात कोंबू नका. झुओयिंगहून बसने जाण्यातच पाऊण तास जातो, शिवाय ते मंगळवारी बंद असतं. त्याला निदान अर्धा दिवस द्या, नाहीतर सोडून द्या.

लाइट रेलला (शहरातली ट्राम) फाटक नाही म्हणून ती फुकट नाही. तिकीट नसेल तर भाडं अधिक त्याच्या पन्नासपट दंड. आयपास किंवा ईझीकार्ड, यांपैकी कोणतंही एक प्रवासकार्ड घ्या. मेट्रो, फेरी, बस सगळीकडे चालतं. ‘पूर्ण गोल फिरून शहर बघू’ म्हणणाऱ्यांना मात्र हात जोडले. ३८ स्टेशनांचा वेढा आहे, दीड तास खिडकीला नाक लावून बसावं लागतं.

मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा नको. दंड १,५०० तैवानी डॉलरपासून सुरू.

शाकाहारींनी ‘भाजी घातलेले नूडल्स’ बघून हुरळू नये, रस्सा बहुधा डुकराच्या हाडांचा असतो. पाटीवर स्वस्तिक असलेली बौद्ध खानावळ शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो.

रात्री ओ१ वरून निघून आर१४ला रुइफेंगमध्ये जेवा. लॉकर तिथून दोनच स्टेशनं.