कॅरेज आपटत होता, दोष पट्टीत होता

वेंगुर्ल्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर असल्यामुळे पावसाळ्यात ओलावा कपड्यांपासून कागदापर्यंत सगळीकडे शिरतो. यंदा गणपतीच्या तोंडावर आरत्यांचे कागद छापायला घेतले, तर इंकजेट प्रिंटरचा कॅरेज, म्हणजे कागदावर शाई सोडत आडवा सरकणारा भाग, उजव्या बाजूला धाडकन आपटला, दिवे लुकलुकू लागले आणि छपाई थांबली. शाई पुरेशी होती, कागदही अडकलेला नव्हता.

प्लग काढून, झाकण उघडून विजेरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा कॅरेजच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी दिसली. या एन्कोडर पट्टीवर अतिसूक्ष्म उभ्या रेषा असतात. कॅरेजवरचा सेन्सर त्या मोजतो आणि कॅरेज नेमका कुठे पोहोचला आहे हे यंत्राला त्यावरूनच कळते. माझ्या पट्टीवर बोटभर लांबीचा धुरकट, चिकट डाग होता. बहुधा शाईच्या तुषारांचा आणि ग्रीसचा. चष्म्याचे मऊ फडके डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर करून मी पट्टी हलक्या हाताने पुसली. येथे घाई अजिबात करू नये, कारण ओढ बसली तर पट्टी हुकातून निसटते, आणि स्पिरिटने काही पट्ट्यांवरच्या रेषाच पुसल्या जातात.

उजव्या टोकाला नोझल (शाई सोडणारी बारीक छिद्रे) झाकणाऱ्या रबरी टोपीच्या कडेवरची वाळलेली शाईही ओल्या कापसाच्या काडीने काढली. सगळे नीट वाळू देऊन प्रिंटर सुरू केला, तेव्हा कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला आणि आरत्या त्याच संध्याकाळी छापून झाल्या.